पोरांच्या हातातला मोबाइल आणि कंपनीचं कर्तव्य: कोकणातले पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करते आणि वेळ मिळेल तशी शाळांच्या पालकसभांना जाते. सभा कधी शाळेच्या व्हरांड्यात होते, कधी देवळाच्या सभामंडपात. एकदा जेटीवर जाळी दुरुस्त करत बसलेल्या बायकांनीच मला बोलावून घेतलं होतं. सगळीकडे प्रश्न साधारण तेच येतात. मागे बसलेली एखादी आई सभा संपल्यावर, चप्पल घालता घालता हळूच जो प्रश्न विचारते, तो बहुधा सर्वांत महत्त्वाचा असतो. असे सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भारतातल्या कायद्याला धरून आहेत. परदेशातलं जिथे आलं आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

माझ्या मुलाने मोबाइलवर काही भयंकर पाहिलं तर दोष कोणाचा? आमचा की कंपनीचा?

मुलाचा नक्कीच नाही, हे आधी मनाशी ठरवून टाका.

कंपनीचं असं आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यातलं कलम ७९ म्हणतं, की लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी, फोटोसाठी, व्हिडिओसाठी मधली कंपनी आपोआप दोषी ठरत नाही. आपण मुंबईला जाणाऱ्या गाडीत पार्सल देतो. आत आंबे आहेत की आणखी काही, हे ड्रायव्हरला ठाऊक नसतं, म्हणून आतल्या वस्तूसाठी त्याला कोणी धरत नाही. पण आत काय आहे ते त्याला कळवलं आणि तरीही त्याने गाडी पुढे हाकली, तर मात्र तो सुटत नाही. कलम ७९ चं संरक्षण असंच अटींवर दिलेलं आहे. कंपनीने नियमांप्रमाणे काळजी घेतली नाही, तर हे संरक्षण जातं आणि ती सरळ कायद्यापुढे उभी राहते.

मला ही गाडीची उपमा अपुरी वाटते, तेही सांगते. ड्रायव्हर कोणाचं पार्सल कोणाच्या मांडीवर ठेवायचं हे ठरवत नाही. हे ॲप ठरवतात. चौदा वर्षांच्या मुलीने एक उदास व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, की पुढचे दहा तसलेच तिच्यापुढे मांडतात. आपल्याकडचा कायदा या मांडणीपर्यंत अजून नीट पोचलेला नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांत ही उणीव दिसेल.

मग भारतात कंपन्यांवर नेमकी कोणती बंधनं आहेत?

मुख्य बंधनं फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आहेत. अश्लील, दुसऱ्याच्या खासगीपणावर घाला घालणारा आणि मुलांना हानिकारक असा मजकूर कोणी टाकू नये, हे वापरणाऱ्यांना सांगणं आणि तसा मजकूर येऊ नये म्हणून वाजवी प्रयत्न करणं हे कंपनीचं काम आहे. तिच्या अटी मराठीतही मिळायला हव्यात. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, वापरणारा मागेल तशा त्या द्याव्यात, असं २०२२ च्या दुरुस्तीत आलं आहे. प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि संपर्क उघड ठेवायचा आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची.

भारतात ज्यांचे नोंदणीकृत वापरकर्ते ५० लाखांच्या वर आहेत, त्या कंपन्यांवर जास्त भार आहे. त्यांना भारतात राहणारा तक्रार अधिकारी, कायदा पाळला जातो की नाही ते पाहणारा अधिकारी आणि पोलिसांशी चोवीस तास संपर्कात राहणारा अधिकारी नेमावा लागतो. किती तक्रारी आल्या आणि काय केलं, याचा अहवाल दर महिन्याला जाहीर करावा लागतो. बालकांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य यंत्रणा वापरून आपणहून शोधण्याचा प्रयत्न करावा, असंही त्यांना सांगितलं आहे. ‘प्रयत्न करावा’ एवढंच. मला तिथे ‘शोधलंच पाहिजे’ हवं होतं.

मुलीचा फोटो कोणीतरी खोटा नग्न करून टाकला आहे. किती वेळात निघेल?

याचं उत्तर सविस्तर देते, कारण इथे कायदा खरोखर तुमच्या बाजूचा आहे आणि ते बहुतेकांना माहीत नसतं.

२०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना आल्यावरच कंपनीला ‘माहीत झालं’ असं धरायचं. लोकांच्या मतस्वातंत्र्यासाठी ते योग्यच होतं. पण एखाद्या मुलीचा फोटो गावभर फिरत असताना न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहणं म्हणजे क्रूरपणा. म्हणून २०२१ च्या नियमांनी अशा चित्रांसाठी वेगळी वाट काढली. ज्यात व्यक्तीचे खासगी अवयव दिसतात, ती पूर्ण किंवा अर्धवट नग्न दाखवली आहे, लैंगिक कृतीत दाखवली आहे किंवा तिचा चेहरा लावून बनावट चित्र केलं आहे, असा मजकूर त्या व्यक्तीच्या किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कोणाच्याही साध्या तक्रारीवरून काढावा लागतो. ना पोलिसांचं पत्र लागतं, ना न्यायाधीशाचा आदेश. आई, बाबा, मामा, शिक्षिका, कोणीही तिच्या वतीने लिहू शकतं.

सुरुवातीला मुदत २४ तासांची होती. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती दोन तासांवर आणली आहे. याच दुरुस्तीने यंत्राने बनवलेल्या खोट्या चित्रांवर आणि व्हिडिओंवर तशी स्पष्ट खूण करणं बंधनकारक केलं आणि इतर साधारण तक्रारींची १५ दिवसांची मुदत सातवर आणली.

चित्र खोटं असलं तरी गुन्हा खराच असतो. ‘पण ते माझं नाहीच’ असं मुलगी रडत सांगत असते, आणि घरात कोणीतरी विचारतं, ‘मग तुझाच चेहरा का लावला?’ मी अशा घरात बसलेली आहे. तो प्रश्न विचारू नका. तक्रार करा.

तक्रार केली हे सिद्ध कसं करायचं? आधी फोटो डिलीट करून टाकू का?

घाईने काही पुसू नका. बहुतेक जण घाबरून चॅट उडवतात, खातं बंद करतात, मोबाइलच फॉरमॅट करतात. मग पोलिसांच्या हाती द्यायला काही उरत नाही.

ज्या खात्यावरून आलं त्याचं नाव, पोस्टची लिंक, तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. धमक्यांच्या संदेशांचे स्क्रीनशॉट घ्या. मात्र मुलीच्या नग्न चित्राचा स्क्रीनशॉट घेऊ नका आणि ते पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला पाठवू नका. मला, सरपंचांना, मुंबईच्या काकांना, कोणालाच नाही. लिंक पुरेशी असते. चित्र मोबाइलमध्ये आलेलंच असेल, तर मोबाइल तसाच पोलिसांकडे न्या.

तक्रार ॲपमधल्या बटणातूनही करा आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलनेही. ईमेलवर तारीख-वेळ राहते आणि मुदत तिथून मोजता येते. आमच्याकडे पावसात दोन-दोन दिवस रेंज नसते. सड्यावर जाऊन, नाहीतर तालुक्याला जाऊन ईमेल धाडावा लागतो. तो एक फेरा वाया जात नाही.

कंपनीने मजकूर काढला म्हणजे पुरावा गेला, अशी भीती अनेकांना वाटते. नियमांप्रमाणे काढलेला मजकूर आणि त्यासंबंधीच्या नोंदी कंपनीने तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. तपास यंत्रणेने रीतसर मागितलेली माहिती ७२ तासांत द्यायची असते. १८० दिवस म्हणजे गणपतीत घडलेली गोष्ट शिमग्याच्या सुमारास पुसली जाऊ शकते. ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’ यात पुरावा हातचा जातो, तो असा.

कंपनीने उत्तरच दिलं नाही, किंवा ‘आमच्या नियमांत बसतं’ असं कळवलं तर?

तक्रार अपील समितीकडे जा. २०२२ च्या दुरुस्तीने ही तरतूद झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा तीन समित्या नेमल्या. कंपनीचं उत्तर आल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं. सगळं काम ऑनलाइन चालतं, दिल्लीला जावं लागत नाही. पूर्वी कंपनीचा ‘नाही’ हा शेवटचा शब्द असायचा. आता तो तसा राहिलेला नाही. तालुक्यातले वकीलसुद्धा ही वाट फारशी वापरत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

यासाठी पोलीस तक्रार थांबवायची गरज नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

मुलगा कोणाशी तरी बोलत होता, आता तो माणूस व्हिडिओ पसरवायची धमकी देऊन पैसे मागतोय.

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. दिले गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन करा. पैशांचा व्यवहार जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

अठरा वर्षांखालच्या मुलाला ऑनलाइन फूस लावून लैंगिक संबंधांकडे ओढणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. खंडणीचं कलम वेगळं लागतं. पॉक्सो कायदा, म्हणजे बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे मुलगे अशी गोष्ट लपवतात आणि बाप म्हणतो, ‘पोरगा आहे, त्याचं काय जातंय?’ ऑगस्ट ते मे दर्यावर असलेला बाप पावसाळ्याच्या मासेमारीबंदीत घरी येतो, तेव्हा त्याला कळतं की पोरगा महिनोन्‌महिने जेवत नाहीये. जातं ते हे.

चित्र पसरू नये म्हणून ‘टेक इट डाऊन’ नावाची एक मोफत सेवा आहे. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारं अमेरिकेतलं राष्ट्रीय केंद्र ती चालवतं. चित्र तुमच्या मोबाइलमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त अंकांचा ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारी चित्रं शोधून काढतात. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या चित्रांसाठी ती आहे.

हे करणारा वर्गातलाच मुलगा निघाला. त्यालाही तुरुंग?

नाही. तो अठरा वर्षांखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं आणि तिथे सुधारण्यावर भर असतो. पण ‘लेकरूच आहे’ म्हणून मजकूर काढायचं कंपनीचं कर्तव्य कमी होत नाही. टाकणारा कोण, याच्याशी त्या मुदतीचा काही संबंध नाही.

वाडीच्या ग्रुपवर एका लहान मुलाच्या लैंगिक छळाचा व्हिडिओ आला. ‘गुन्हेगार सापडेपर्यंत पुढे पाठवा’ असं लिहिलं होतं. आम्ही पाठवला.

चांगल्या हेतूने पाठवला असेल, तरी पाठवणं हा गुन्हा आहे. त्या मुलाचा छळ प्रत्येक मोबाइलवर पुन्हा एकदा घडतो.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठाने याच विषयावर महत्त्वाचा निकाल दिला. मद्रास उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं होतं, की असं साहित्य नुसतं डाउनलोड करून खासगीत पाहिलं तर गुन्हा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दच वापरू नका, त्याने घडलेल्या अत्याचाराचं गांभीर्य झाकलं जातं, असं न्यायालयाने बजावलं. त्याऐवजी बालकांच्या लैंगिक शोषणाचं आणि अत्याचाराचं साहित्य असं म्हणायला सांगितलं.

कंपन्यांसाठी त्याच निकालातली एक गोष्ट फार मोलाची आहे. असं साहित्य नुसतं काढून टाकलं म्हणजे कंपनी सुटली असं नाही. पॉक्सो कायद्याप्रमाणे तिने ते भारतातल्या पोलिसांनाही कळवलं पाहिजे. नाहीतर कलम ७९ च्या संरक्षणावर तिला हक्क सांगता येणार नाही.

तुम्ही काय करायचं? उघडू नका, पाठवू नका. कोणत्या ग्रुपवर, कोणाकडून, कधी आलं ते लिहून घ्या आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर कळवा. महिला आणि बालकांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची माहिती तिथे नाव न देताही देता येते.

शाळा म्हणते, वाच्यता नको, शाळेचं नाव खराब होईल.

पॉक्सोचं कलम १९ सांगतं, की बालकावर असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. त्यातून मुख्याध्यापक सुटत नाहीत आणि संस्थेचे अध्यक्षही नाहीत. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दाबला तर एक वर्षापर्यंत.

वाच्यतेची भीती मी समजू शकते. खेडं लहान असतं, चार घरं पलीकडे आत्या राहते. म्हणूनच कायद्याने मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, त्याची ओळख पटेल असं काहीही छापायला बंदी घातली आहे. जबाब घ्यायला शक्यतो महिला अधिकारी यावी, ती गणवेशात नसावी, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यावा, सोबत आईवडील किंवा त्याच्या विश्वासाचं माणूस असावं, असं कायदाच सांगतो. पोलीस साध्या कपड्यांत घरी या म्हणून सांगणं हा तुमचा हक्क आहे.

ॲपवर तेरा वर्षांची अट आहे. मुलीने जन्मतारीख खोटी घातली, आता आमची तक्रार कंपनी ऐकेल का?

ऐकावीच लागेल. खोट्या तारखेने मुलीचं बालकपण संपत नाही. भारतीय कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालकच.

तेरा हा आकडा आपल्याकडचा नाहीच. अमेरिकेने १९९८ साली मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा केला, त्यात तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नये असं ठरलं. कंपन्यांनी तोच आकडा जगभर लावला. मुलांच्या मनाचा, वयाचा विचार करून तो काढलेला नाही.

नवा डेटा कायदा आलाय म्हणतात. त्यात मुलांसाठी काय?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचं कलम ९ मला आजवरच्या सगळ्या तरतुदींपेक्षा जास्त आशेचं वाटतं, कारण बाकीचे कायदे घडून गेल्यावर धावतात आणि हे आधीच दारात उभं राहतं. अठरा वर्षांखालच्या मुलाचा डेटा वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागेल. मुलाच्या वागणुकीचा माग काढता येणार नाही, त्यावर बेतलेल्या जाहिराती त्याला दाखवता येणार नाहीत, आणि त्याच्या भल्याला बाधा येईल असा डेटाचा वापर करता येणार नाही. मोडलं तर दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत.

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने दिले आहेत. म्हणजे हे कलम मे २०२७ च्या सुमाराला लागू होईल. तोवर आणखी एक पिढी दहावीतून बाहेर पडेल, ही माझी तक्रार आहे.

एक अडचण कोकणात जास्त जाणवेल. संमती पालकाची, आणि पालक बऱ्याचदा मुंबईत किंवा बोटीवर. घरी आजी. आजीच्या नावाच्या सिमवर नातू चालतो आणि ओटीपी नातूच वाचून दाखवतो. अशी संमती कागदावर खरी दिसेल आणि प्रत्यक्षात पोकळ असेल.

परदेशात मुलांना सोशल मीडिया बंदच केलाय, मग आपल्याकडे का नाही?

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना ठरावीक ॲपवर खातं ठेवू देण्यास बंदी आहे. दंड मुलाला नाही, आईबापाला नाही, फक्त कंपनीला. चार कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. ब्रिटनची वाट वेगळी. तिथल्या २०२३ च्या कायद्याप्रमाणे अश्लील साहित्य, आत्महत्येला किंवा स्वतःला इजा करून घ्यायला किंवा उपाशी राहायला उत्तेजन देणारा मजकूर मुलांपर्यंत पोचूच नये, ही कंपनीची जबाबदारी आहे. मुलांसाठीची ही कर्तव्यं २५ जुलै २०२५ पासून लागू झाली. चुकवल्यास दंड जगभरच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

मला ब्रिटनची वाट जास्त पटते. सरसकट बंदी घातली की मूल चोरून बघतं, आणि चोरून बघताना काही विपरीत घडलं तर सांगायला येत नाही. पण ऑस्ट्रेलियाकडून ‘दंड कंपनीला’ ही गोष्ट घ्यायलाच हवी.

मुलगी रात्रभर उदास व्हिडिओ बघते, तेच तेच पुढे येत राहतात. याला कायदा आहे का?

२०२१ च्या नियमांतल्या ‘मुलांना हानिकारक’ या शब्दांत ते बसवता येतं, आणि अशा एकेका व्हिडिओविरुद्ध तक्रारही करता येते. पण तेच तेच दाखवत राहण्याविरुद्ध आज आपल्याकडे थेट तरतूद नाही. तोवर ॲपमधली ‘असं दाखवू नका’ची निवड मुलीसोबत बसून वापरा, शोधाचा इतिहास पुसा. आणि ती जगण्याला कंटाळल्याचं बोलत असेल, तर कायदा बाजूला ठेवून आधी १४४१६ लावा. टेली-मानस ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा मोफत आहे, चोवीस तास चालते.

पैसे लावून खेळायचे गेम?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावायचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्यामुळे मुलाने पैसे घालवले असतील तर तक्रार करायला घाबरू नका.

पर्यटक किनाऱ्यावर आमच्या पोरांचे रील काढतात. उघडी पोरं खाडीत डुंबत असतात.

पोरांचं खाडीत डुंबणं बंद करायचं कारण नाही. लहान मूल उघडं असेल आणि तसा व्हिडिओ पसरवला असेल, तर वरची दोन तासांची वाट इथेही मोकळी आहे. टाकणाऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नसेल, पण असे व्हिडिओ शोधत फिरणारी माणसं असतात. होमस्टे आणि बोटिंग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की गावातल्या मुलांचं चित्रीकरण विचारल्याशिवाय करू नका अशी पाटी लावा. कपड्यांतल्या मुलाच्या साध्या रीलविरुद्ध नियमांचा आधार कमी पडतो. तिथे पाटी आणि गावाचा शब्द जास्त चालतो.

‘आमका त्या मोबाईलातला काय कळणा नाय, मग नातीकडे लक्ष ठेवचा कसा?’

मालवणजवळच्या सभेत एका आजीने विचारलं होतं. आजी, मोबाइल कळायची गरज नाही. नात मोबाइल बघून गप्प झाली, ताटावरून उठली, मोबाइल वाजला की दचकली, एवढं तुम्हाला आमच्याआधी कळतं. तेव्हा तिला ओरडू नका. १०९८ हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे, साध्या फोनवरून लागतो, पैसे पडत नाहीत.

पोलीस ठाणं लांब आहे, आणि वकिलाचा खर्च?

कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात तसं स्पष्ट आहे. ‘आमच्या हद्दीत नाही’ असं सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन माहितीही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

महिला आणि बालकांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलंच, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाला आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. रायगडकरांना मात्र मुंबईच.

तक्रारीत लिहायचं काय?

लांब लिहू नका. मी पालकांना असं लिहून देते, जागा भरून घ्या:

‘मी, (नाव), वय (…) वर्षांच्या बालकाची आई/वडील/पालक असून तिच्या/त्याच्या वतीने ही तक्रार करत आहे. (तारीख) रोजी (वेळ) वाजता (खात्याचं नाव) या खात्यावरून पुढील लिंकवर तिचं/त्याचं नग्न अथवा बनावट चित्र टाकण्यात आलं आहे: (लिंक). माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मधील नियम ३(२)(ब) प्रमाणे ते मुदतीत काढून टाकावं, त्यासंबंधीच्या नोंदी तपासासाठी जपून ठेवाव्यात आणि या तक्रारीची पोच व क्रमांक मला कळवावा.’

खाली नाव, गाव, तारीख. बालकाचं नाव लिहू नका, ते पोलिसांनाच सांगा.